आतल्या प्लगची शेवंताक्का

शेवंताक्का गाडीच्या इंजिनात हात घालते तेव्हा तोंड दुसरीकडे फिरवते. लाजून नव्हे. लाज आणि शेवंताक्का यांची गाठभेट अजून व्हायची आहे. हात कोपरापर्यंत आत, नजर समोरच्या डोंगरावर आणि वर कुणाशी तरी गप्पाही चालू. "डोळं मधी आलं की हात खुळा व्हतोय," असं तिचं म्हणणं.

माझं जोयड्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. प्लग, वायरी, कॉइल, पट्टे, सगळं मिळतं. विकणं मला जमतं, बसवणं नाही, कारण माझा पंजा परातीएवढा. मिस्त्र्यांचे हात मात्र मी रोज बघतो. तरीही सांगतो, असा हात मी दुसरा पाहिला नाही.

अक्का गुंदकडची. ती मेकॅनिक वगैरे काही नाही. शेत करते आणि कंद काढते. कणगर म्हणा, सुरण म्हणा, आमच्या मातीत जे जे लपून बसतं ते तिला सापडतं. कुदळ नुसती वरवर, पुढचं काम हाताचं. वेल धरून खाली जायचं, कंदाभोवती बोटं फिरवायची, तो कुठे अडलाय ते बघायचं आणि मगच हलवायचा. तिच्या घरात मोडका कंद पाहुण्याला वाढत नाहीत. "वढू नगं, इचार," हा तिचा मंत्र. कंदालाही तोच आणि अडून बसलेल्या म्हशीलाही तोच.

एकदा ती बाजाराची बुट्टी घेऊन माझ्या दुकानासमोर बसची वाट बघत होती. आमचा बसू मिस्त्री एका जुन्या गाडीशी झुंजत होता. त्या गाडीचे पुढचे प्लग कुणालाही निघतात, पण सगळ्यात आतला पार काचेखालच्या पत्र्याआड दडलेला. दिसत नाही आणि पानाही लागत नाही. बसूने गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला होता. अक्का बुट्टी ठेवून उठली.

"सरक. ह्येचा वेल कुठं हाय?"

बसू बघतच राहिला. मला उमगलं. मी प्लगची वायर दाखवली. अक्का ती धरून खाली गेली आणि डोंगराकडे बघत बोलू लागली, "व्हय, हाय. बसलाय गप. भवतीनं कचरा किती रं! आदी त्यो काढ, न्हाईतर समदा त्येच्या प्वाटात जाईल."

सायकलच्या पंपाने हवा मारून खळगा साफ झाला. मग पाना लावून एवढंसं मागे, एवढंसं पुढे, आणि प्लग सुखरूप बाहेर. नवा बसवताना तर कमालच. तिने रबरी नळीचा तुकडा मागितला, प्लगचं डोकं त्यात खोचलं, आत सोडला आणि आधी उलटा फिरवला.

"उलटा कशाला?" बसू ओरडला.

"दार सापडूस्तवर. घरात डब्याला झाकान लावतोस का न्हाई कधी?"

आटे जुळल्याचं बोटांना कळलं, तेव्हा सुलटा. मी नकळत हात जोडले होते. बसूनेही जोडले असावेत, पण तो कबूल करत नाही.

तेव्हापासून रामनगरपासून अणशीपर्यंत कुणाचा आतला प्लग अडला की निरोप गुंदला जातो. अक्का येते ती महाराणीसारखी. आधी चहा, तोही आलं घालून. ती काम करत असताना मिस्त्र्याने तोंड उघडायचं नाही. "तुमच्या हातास्नी वळाया मानच न्हाई," ती ऐकवते, "खांद्यापातूर निस्तं लाकूड."

अक्काच्या घराला लागून एकच घर उरलं होतं, गंगव्वाचं. बाकीची एकेक करून उठून गेलेली. दोघी एकट्या, दोघी तिखट. सकाळी बांधावरून भांडण आणि संध्याकाळी एकीची आमटी दुसरीच्या चुलीपाशी. गंगव्वाचे गुडघे गेले, तेव्हा तिचा मुलगा परशुराम आईला कायमचं न्यायला खानापूरहून आला. जुनी गाडी धापा टाकत संध्याकाळी पोचली आणि सकाळी सुरूच होईना. त्याचा फोन आला. मी प्लग आणि वायरी घेऊन मोटारसायकलवरून पोचलो.

सामान गाडीत भरलेलं. गंगव्वा नवं लुगडं नेसून पायरीवर. अक्काने आत हात घातला आणि लगेच काढला.

"गरम हाय. आत्ता काढला तर आटं उखडून येतील. निवू दे."

नियम खरा आहे. किल्ली फिरवून फिरवून इंजिन तापलं असेल, असं परशुरामला वाटलं. अक्का गंगव्वाच्या शेजारी टेकली. आंबील झाली, एक भांडण झालं, मग पान झालं. ऊन डोक्यावर आलं.

"अक्का, आता तरी?"

"गरमच हाय."

शेवटी वैतागून मीच इंजिनावर हात ठेवला. माठासारखं गार. रात्रभर उभी असलेली गाडी, तापणार कशाने? मी अक्काकडे पाहिलं.

"गरम हाय न्हवं?" तिने विचारलं. हुकूम सोडून विनवणी करताना मी तिला प्रथमच ऐकत होतो.

"हाय की," मी म्हणालो, "लई गरम हाय." दुकानदार असूनही इतकं मनापासून खोटं मी कधी बोललो नव्हतो.

गंगव्वाने अक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला. "शेवंता, बास कर आता. निवलंय ते."

अक्का उठली. एक आटा वाकडा गेला असता तर ती गाडी कितीतरी दिवस तिथून हलली नसती, आणि तो वाकडा घालणं तिला काय अवघड? मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिने खळगा साफ केला, जुना प्लग अलगद सोडवला, नवा आधी उलटा, मग सुलटा. इतक्या मायेने काम केलेलं मी आजवर पाहिलं नाही. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली.

"भांडायला ये गं खानापूरला," गंगव्वा खिडकीतून म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो, "अक्का, जुनी गाडी हाय ती. पडंल की परत बंद. मग तुझ्याकडंच आणतील."

अक्का पदराला हात पुसत होती.

"न्हाई रं," ती म्हणाली, "लई चांगला बसलाय."