वेट्टुकाय पूंडू

पापनाशमच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा पटकावून झाल्यावर कमलाक्षीबाईंना आठवलं, की गिरीशसाठी लेप करायचा राहिलाच.

गिरीश त्यांचा मुलगा. तंजावूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायचा आणि जखमा भरून काढणाऱ्या गावठी झाडपाल्याचे अर्क तपासायचा. आतापर्यंतच्या अर्कांनी एवढंच सिद्ध केलं होतं, की जंतूंना ते मानवतात. शेवटी विभागप्रमुख शेषाद्रींनी निर्वाणीचं सांगितलं, "बायका घरी करतात तो लेप जसाच्या तसा आणा. शुक्रवारी तपासू. त्यानेही काही झालं नाही, तर हा उद्योग बंद." आणि लेप गिरीशच्याच घरचा, म्हणून त्याने बाटलीच्या आसपासही फिरकायचं नाही, अशी वर अट.

तेव्हा लेप करणं सुनेवर आलं. सून वर्षा, कराडची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या, पिढीजात मराठी घरांच्या गल्लीत येऊन तिला दोन वर्षं होत आली होती, पण सासूबाईंच्या मनातल्या जमाखर्चात तिची सगळी नोंद खर्चाकडेच होती. सांबार दाट करते, कॉफी पातळ करते, मराठी शाळेतल्या बाईंसारखी बोलते. जमेची बाजू कोरी. औषधाला तर तिला आजवर हात लावू दिला नव्हता. आज पहिल्यांदा काहीतरी जमा पडण्याची शक्यता दिसत होती, म्हणून फोन येताच ती सावधान उभी राहिली.

"ऐक ग. वेट्टुकाय पूंडू मूठभर घे. धुऊन बारीक वाट, नल्लेण्णैंत मंद आंचेवर परत, गाळून बाटलींत भर. कळलं की?"

वर्षाचं तमिळ स्वयंपाकघरात वाढलेलं होतं. भाजीवालीशी ती अर्धा तास घासाघीस करू शकायची. बँकेत गेली की मुकी. नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल, पूंडू म्हणजे लसूण, कायम् म्हणजे हिंग. इथवर तिला सगळं पाठ होतं.

"पूंडू कुठला, अम्मा? रोजचाच?"

"रोजचाच. येतां जातां बघतेस की."

"वेट्टु म्हणजे चिरणं ना?"

"होय की. चिरलं, कापलं की तेंच लावायचं."

"आणि पुढचं 'काय' ते कायम् ना?"

"कायमाचंच औषध तें. आणि विकत कांही आणूं नको. अस्कं घरांतच आहे."

वर्षाला आणखी एक विचारायचं होतं, पण कंडक्टरने शिट्टी मारली आणि कमलाक्षीबाई तिकिटाच्या वादात शिरल्या.

जखमेवर हिंग-लसूण हे वर्षाला जरा वेगळं वाटलं. पण ही माणसं पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली. कुठे काय लावतात कुणी सांगावं. तिने मूठभर लसूण सोलला, चिरला, वाटला, तेलात परतला आणि वरून हिंग सढळ हाताने सोडला. वास भिंत ओलांडून शेजारच्या कनकलताबाईंकडे गेला आणि त्यांना घेऊनच परत आला.

"रसम् का ग?"

"नाही मामी, औषध आहे. जखमेचं."

कनकलताबाईंनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. "मग जखमेला भात लावलास की नाही?"

 गाळलेलं तेल बाटलीत भरून वर्षा स्वतः रिक्षाने कॉलेजात देऊन आली. प्रयोगशाळेतल्या रमणने झाकण घट्ट आहे का पाहिलं, बाटलीवर खुणेची चिठ्ठी लावली आणि इतर बाटल्यांत ठेवून दिली. त्या दिवशी विभागात सगळ्यांनी जेवणाचे डबे वेळेआधीच उघडले. का, ते कुणाला सांगता येईना.

शनिवारी प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटल्या पाहिल्या तर बाकीच्या अर्कांभोवती जंतूंची भरभराट, आणि घरच्या लेपाभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ. शेषाद्रींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. हसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते नुसतं म्हणाले, "उद्या तुमच्या घरी येतो. आईंनी माझ्यासमोर करून दाखवायचं."

रविवारी शेषाद्री आले. कमलाक्षीबाई आदल्या रात्रीच परतल्या होत्या. मुलाचा प्रकल्प वाचला आणि तोही आपल्या औषधाने, म्हणून त्यांनी जरीकाठाचं लुगडं काढलं होतं. शेषाद्रींना घेऊन त्या परसात गेल्या, विहिरीपाशी वाकल्या आणि पिवळसर फुलांचं एक तण मुळासकट उपटलं.

"हेंच वेट्टुकाय पूंडू."

दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या वर्षाने ते तण ओळखलं. ती एकदांडी होती. माहेरी गुडघा फुटला की आजी हाच पाला चोळायची. मग पूंडू म्हणजे नुसता लसूण नाही, झुडूपही. कायम् म्हणजे नुसता हिंग नाही, जखमही. चिरल्या जखमेचं झुडूप. आणि हे झुडूप ती दर आठवड्याला उपटून कचऱ्यात टाकत होती.

कमलाक्षीबाईंनी पाला वाटला, तेलात परतला. शेषाद्रींनी कढईवर नाक नेलं.

"वास हा नव्हता."

"मग कैसा होता?"

"कसा सांगू." शेषाद्री अवघडले. "भूक लागायची."

गिरीशने आईकडे पाहिलं. आईने सुनेकडे. वर्षाची नजर लसणाच्या टोपलीवर खिळली होती. कमलाक्षीबाईंनी टोपली पाहिली, हिंगाची डबी पाहिली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर मोठी उलाढाल झाली. मग त्यांनी कढई खाली उतरवली आणि पदराला हात पुसले.

"हा वेगळा, सर. हा पुढच्या वेळेला तपासा. तुम्ही नेलांत तो माझ्या सुनेचा. आमच्या घरांत औषधाचं अस्कं तीच बघते. वर्षा, ये ग. सरांना करून दाखव."

वर्षाने स्वयंपाकाच्या सवयीने भराभर करून दाखवलं. शेषाद्रींनी लसूण, हिंग, तिळाचं तेल असं लिहून घेतलं, नमुना घेतला, आणि काम पुढे चालू ठेवा असं गिरीशला सांगून निघाले. गिरीश त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला गेला.

घरात दोघीच उरल्या. कमलाक्षीबाईंनी वर्षाच्या कढईत बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि थांबल्या.

"मीठ घातलीस की?"

वर्षाने मान खाली घातली.

"चवीपुरतं," ती म्हणाली.