पहिलं पान चुलीपुढे

आमचे शेजारी मेश्रामकाका कॉम्प्युटरचं पुस्तक आधी चुलीपुढे तपासत. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात मनगटावरचं घड्याळ तारण ठेवायचं, पुस्तक सायकलला लावून महालातल्या आमच्या गल्लीत आणायचं आणि पहिलं पान मराठीत करून काकूंना ऐकवायचं. काकू गिऱ्हाइकांसाठी उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकत असत. त्यांना कळलं तर पुस्तक घरात, नाहीतर घड्याळ परत मनगटावर.

ऐंशीनंतरचे दिवस. गल्लीत कॉम्प्युटर कोणी पाहिलासुद्धा नव्हता. काकांची पुष्पा मात्र पुण्याला प्रोग्रामर होती. सुट्टीत यायची. "जेवली का?" "जेवली." झालं, मायलेकींचं बोलणं तिथेच आटपायचं. "तिले का विचारू वं मी?" काकू मला म्हणायच्या. "तिचं कामच समजत नाही मले."

काकांनी ते मनाला लावून घेतलं. वर्षभर पुस्तकं आली न् गेली. 'आपल्याला ठाऊकच आहे' अशी सुरुवात दिसली की काका थेट लेखकावरच उखडत, "ठाऊक असतं तं तुह्यं पुस्तक कायले आणलं असतं गा?" एकात नुसत्या तारांची चित्रं होती. काकू म्हणाल्या, "हे रेडिओ दुरुस्तीचं दिसून राह्यलं. वापस करा." काका सायकल काढायला उठले. जन्मभर गणित शिकवलेला हा मास्तर चौथी शिकलेल्या बायकोचा निकाल शिरसावंद्य मानायचा! मी थक्क होऊन बघत राहायचे.

शेवटी कव्हर नसलेलं एक पातळ पुस्तक पास झालं. यंत्राला आपणहून काही कळत नाही, एकेक गोष्ट सांगावी लागते, असं त्यात होतं.

"नवी सूनच म्हना," काकू हसल्या.

काकांना हुरूप आला. "कणीक उरली का? उरली, तं रोटी टाक. मंग पुन्हा विचार, उरली का?"

"अन् संपली तं?"

"थांब म्हनून सांगा लागते. नाही सांगितलं, तं करतच राहते."

दिवाळीत पुष्पा आली. मी फराळाचं ताट घेऊन गेले होते. काकूंनी हात पुसत विचारलं, "काहून वं, तुह्या प्रोग्रामले थांब म्हनाचं राहून गेलं तं?"

पुष्पा आईकडे बघतच राहिली. "आई, मागच्या महिन्यात माझं तेच झालं गं!" आणि ती जी सुरू झाली, ती थांबेचना. काकू मधूनमधून अडवून विचारत होत्या.

बाहेर आले तर काका पायरीवर एकटेच बसलेले, डोळे ओले.

"काका, आत चला ना. शिकवलं तर तुम्हीच."

"नाही वं पोरी. मी गेलो का तिथं वर्ग भरते. इथूनच आयकतो."

आणि थोडं सरकून त्यांनी मला बसायला जागा दिली.