आतून कडी

बायको गेली हे मिस्त्रींना कळलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या संडासात कडी लावून उभे होते. दुपारची वेळ होती. तिचा डोळा लागलाय असं बघून ते पाच मिनिटांत येतो म्हणून उठले, आणि पाचाची वीस झाली. पस्तीस वर्षं गावभरचे तुंबलेले नळ मोकळे केलेला हा माणूस, पण स्वतःचं दोन वर्षांपासून थेंब थेंब चाललं होतं. प्रोस्टेट वाढली होती. बायको रोज कानीकपाळी ओरडायची की अहो, ते लेझरचं ऑपरेशन एकदाचं करून घ्या, माझं निम्मं आयुष्य तुम्ही बाहेर यायची वाट बघण्यात चाललंय. मिस्त्री म्हणायचे, बघू. त्या दुपारी दारावर थाप पडली. सिस्टर बाहेरून म्हणाली, "काका, लवकर या." आणि लवकर येणं तेवढंच त्यांना जमत नव्हतं.

संध्याकाळी लेक परगावाहून पोचली. रडता रडता तिने एकच विचारलं, "बाबा, तुम्ही जवळ होतात ना?"

"होतो," मिस्त्री म्हणाले. "हात धरला होता."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस नेहमी एक वाक्य जास्त बोलतो. नुसतं होतो म्हणून थांबले असते तरी निभावलं असतं. पण तो हात लेकीने असा काही धरून ठेवला की सोडीचना. मावशीला सांगितला, शेजारणीला सांगितला, फोन करील त्याला सांगितला. तेवढंच एक समाधान आहे, म्हणायची. आणि मिस्त्री समोर बसून बिनसाखरेचा चहा ढवळत राहायचे.

आठ महिन्यांनी त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. लेक आठवड्याची रजा टाकून आली. मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं होतं की घरात दोघंच आहोत, या आठवड्यात तिला खरं काय ते सांगून टाकायचं.

लेझरने आतलं काम झकास झालं. नळी आणि पिशवी लावून, चार दिवसांनी काढायला या म्हणून त्यांना घरी सोडलं. सिस्टर नळीची काळजी समजावून सांगायला लागली तर मिस्त्रींनी तिला मधेच थांबवलं. नळ्यांचं मला शिकवू नका, म्हणाले, माझी हयात त्यात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धीर केला. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्री तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुझ्या आईचं एक सांगायचंय." लेकीने घडी खाली ठेवली. आणि नेमका त्याच वेळी पायजमा ओला झाला.

मग कसलं सांगणं! ते तसेच उठून न्हाणीघरात गेले. खरं तर असं थोडं बाजूने गळतंच, आणि सिस्टर तेच सांगत होती. पण मिस्त्रींनी कारागिराच्या नजरेने पाहिलं आणि निदान केलं, जोड ढिला आहे. हत्यारांच्या पिशवीतून नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप काढली आणि जोडावर ताणून वीस वेढे दिले. शेजारी एक छोटी तोटी उगाच लोंबत होती. उघडं तोंड ठेवायचं नाही हा धंद्याचा नियम, म्हणून तिच्यावरही वीस वेढे. वर चिकटपट्टी.

ती तोटी म्हणजे नळी आत अडकवून ठेवणारा पाण्याचा फुगा रिकामा करायची वाट होती. तो रिकामा झाल्याशिवाय नळी निघत नाही.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलात सिस्टरने पांघरूण बाजूला केलं आणि ती बघतच राहिली. तिने दुसरीला बोलावलं, दुसरीने डॉक्टरांना. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. लेक छताकडे बघायला लागली. चिमट्याने वेढे सोडवायला अर्धा तास गेला. डॉक्टर म्हणाले, काका, काम मजबूत आहे, पण पुढच्या वेळी आम्हालाही थोडं करू द्या.

नळी निघाली. मग चार ग्लास पाणी पाजून त्यांना संडासात पाठवलं. आता लघवी आपोआप झाली तर घरी, नाही तर पुन्हा नळी. मिस्त्रींनी आतून कडी लावली.

अर्ध्या मिनिटात झाली. जरा जळजळ झाली, पण धार अशी लागली की विशीत लागली नसेल. मिस्त्री त्या धारेकडे बघत राहिले. अर्धं मिनिट. एवढंच लागतं. तेव्हा अर्धं मिनिट लागलं असतं तर ते परत जाऊन तिच्या खाटेशी बसले असते. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि ते रडायला लागले.

बाहेर हुंदके ऐकू आले ते कण्हल्यासारखे. सिस्टर दाराशी येऊन म्हणाली, "काका, जोर लावू नका." लेकीने बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजाने होते म्हणे. आवाजाने मिस्त्री आणखीच रडले. दहा मिनिटांनी नव्या नळीचं पाकीट फोडलं गेलं. पंधराव्या मिनिटाला वॉर्डबॉय पेचकस घेऊन कडी उचकटायला आला. डॉक्टर पेशंट सोडून धावले. विसाव्या मिनिटाला मिस्त्रींनी दार उघडलं, तर पाच माणसं समोर आणि एकीच्या हातात नळी तयार.

"झाली," ते म्हणाले.

"कधी?"

"गेल्या गेल्याच."

"मग वीस मिनिटं आत काय करत होतात, बाबा?"

लेक अगदी जवळ उभी होती. तिचे डोळे काळजीने भरले होते. सांगायचं तर आत्ताच, हे मिस्त्रींना कळत होतं. तोंड उघडलंही.

"फ्लशची टाकी गळत होती," ते म्हणाले. "बघत होतो."

सगळे हसले. लेकही डोळे पुसत हसली. सिस्टर म्हणाली, या मजल्यावरच्या आणखी दोन गळतात, जाता जाता बघून घ्या.

मिस्त्रींनी दोन्ही बघितल्या. एकीचा वायसर बदलायचा होता, तो बदलला. रविवारी लेक परत गेली. तिला सांगायचं राहिलं आहे.