मोजलेली हवा

बच्छाव अण्णांनी मला आजवर तीन वेळा हाकललं आहे. पहिल्या वेळी तर मी त्यांच्या दारातही पोचले नव्हते. फोनवर मी एवढंच म्हणाले होते, "रविवारी साधारण दहाला येते."

"साधारण म्हणजे किती?"

"दहा, सव्वादहा. असंच."

"असंच काम करणारे नाशकात पुष्कळ आहेत, मॅडम. त्यांच्याकडे जा." आणि फोन बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पोरांना थेंब थेंब मोजायला लावण्यात माझी हयात गेली, आणि हा माणूस मला ऐकवतो? रविवारी दहाला पाच कमी असताना मी जाब विचारायला त्यांच्या गेटसमोर उभी. अण्णांनी आतून घड्याळाकडे पाहिलं, पाच मिनिटं तसंच उभं ठेवलं, आणि ठोक्याला कडी काढली. "ये मॅडम." ते मॅडम म्हणतात आणि एकेरीत बोलतात. त्याचाही मला राग येतो.

आता माझ्याबद्दलही सांगितलं पाहिजे. मला गाडी पळवायची हौस आहे. शहराबाहेर माळावर मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात, त्यांत मी माझी जुनी पेट्रोल गाडी पळवते. वय अठ्ठेचाळीस. कुणाला हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते. तर या गाडीला मी टर्बो बसवून घेतला, आणि तेव्हापासून ती जोरात उचलायची नि ऐन वळणावर गचके खायची. ज्याला विचारावं तो सांगे, गाडीचा कॉम्प्युटर बदला, आणि बदलणार असाल तर अण्णांकडेच जा. माणूस तिरसट आहे, पण हातात कसब आहे.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरला किती हवा जाते हे दाखवणारी यंत्रं त्यांनी नोकरीभर सांभाळली. निवृत्तीनंतर नाशिकरोडला घरामागच्या शेडमध्ये टर्बोच्या गाड्या जुळवून द्यायला लागले. लग्न केलेलं नाही. शेड इतकी स्वच्छ, की चप्पल कुठे काढावी असा प्रश्न पडतो. साधा राग ते आपल्या सगळ्यांच्या मराठीत करतात. खरा राग आला की अहिराणी सुरू होते. "मन्हं डोकं खाऊ नको" असं ऐकू आलं, की शेजारचा गिरणीवाला दळण थांबवून बाहेर येतो आणि गिऱ्हाइकाला रिक्षा कुठे मिळेल ते सांगतो.

आमचं भांडण समजायला थोडं शास्त्र लागेल. घाबरू नका. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. टर्बो हवा कोंबून भरतो. पेट्रोल कमी पडलं तर आतलं पिस्टन वितळतं आणि इंजिन भंगारात जातं. म्हणून किती हवा आली हे कॉम्प्युटरला कळावं लागतं. ते कळायचे रस्ते दोन. एक, हवेच्या वाटेवर गरम तारेचा सेन्सर बसवायचा. जाणारी हवा तार गार करते, त्यावरून तिचं वजन समजतं. गिरणीवाला डबा काट्यावर ठेवतो, तसं. दुसरा, इंजिनाच्या तोंडाशी प्रेशर सेन्सर बसवायचा, हवा किती दाबून भरली आहे आणि किती तापली आहे ते बघायचं, आणि बाकीचा हिशेब कॉम्प्युटरवर सोडायचा. अण्णा पहिल्याला "काटा" म्हणतात. दुसऱ्याला ते काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

काट्याचा एक नियम अण्णांनी शेडच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे: मोजलेली हवा घरातच राहिली पाहिजे. म्हणजे एकदा मोजून आत घेतलेली हवा मध्येच बाहेर गेली, तर कॉम्प्युटर फसतो. गंगापूर रोडचा एक जाडजूड बांधकामवाला माझ्या देखत तिथे आला. त्याला टर्बोची हवा बाहेर सोडणारा वॉल्व्ह हवा होता, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की फुस्स आवाज करणारा.

"फुस्स कशाला?" अण्णांनी विचारलं.

"सिग्नलला लोकांना कळायला नको का?"

"मग हॉर्न वाजव! पिपाणी लाव! मोजलेली हवा मी रस्त्यावर सांडू देणार नाही!"

बांधकामवाला हसला. तिथे चुकला. पुढचं सगळं अहिराणीत झालं आणि गिरणी थांबली.

मला अण्णा आवडायला लागले ते त्या दिवशी. म्हणून तर पुढच्या रविवारी माझा जास्त भडका उडाला.

गाडीचा जुना कॉम्प्युटर निघाला होता, नवा आणला होता, इंजिन अर्धं उघडं होतं. आता ठरवायचं होतं ते एवढंच: काटा की प्रेशर. मी वाचून, विचारून, हिशेब करून गेले होते. मी म्हणाले, "माझी गाडी धुळीत पळते. धूळ त्या तारेवर बसणार, काटा खोटं वजन सांगणार. शिवाय दर शर्यतीत कुठला ना कुठला हवेचा पाइप सुटतो. तुमची मोजलेली हवा माळावर सांडणार. मला प्रेशर सेन्सर बसवा."

"काटाच बसेल."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"हे कारण झालं?"

"धूळ बसली तर साफ करायला यायचं. दर दोन महिन्यांनी. स्वतः हात लावायचा नाही."

"आणि दोन महिन्यांच्या मधे इंजिन जळलं तर?"

"जळणार नाही!"

मीही काही गरीब गाय नाही. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही अंदाज करताय." शेडमध्ये याहून वाईट शिवी नाही. "तुले काही समजस का नही? जाय आठून!" असा आवाज झाला आणि मी दुसऱ्यांदा बाहेर.

घरी येऊन मी दोन दिवस धुमसत होते. साधारण या शब्दावरून माणसांना हाकलणारा माणूस मला धडधडीत खोटं सांगत होता! त्यांना कळत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा दहापट कळत होतं. मग कळूनसवरून माझ्या इंजिनाशी खेळ कशाला? गाडी उचलून दुसरीकडे न्यावी, तर ती तिथे सुटी होऊन पडलेली. पुढच्या रविवारी मी बरोबर दहाला गेले आणि न बोलता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

येवल्याचे एक पैठणीवाले शेठ आले होते, काटा साफ करून घ्यायला. अण्णांनी सेन्सर काढला, फवारा मारला, वाळू दिला, परत बसवला. मी घड्याळ लावून होते. सहा मिनिटं. येवल्याहून सहा मिनिटांच्या कामाला? पण शेठ हलेनात. अण्णांनी त्यांना चहा दिला. मुलीला अकरावीला कोणती शाखा घेऊ द्यावी यावर झापलं. गुडघ्याचा एक्सरे काढला नाही म्हणून झापलं. मागावर कुठली नक्षी चढली आहे ते विचारलं आणि उत्तर नीट ऐकलं. पावणेदोन तासांनी शेठ उठले, तेव्हा अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिने पुढे त्यांचं नाव लिहिलं. कॅलेंडरवर अशी नावं खूप होती. मी ती उभं राहून वाचली.

"अण्णा, प्रेशरवाल्या गाड्या कुठेत यात?"

ते हात पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. "त्या येत नाहीत. एकदा नीट बसलं की बसलं. कशाला येतील?"

मग स्वतःहूनच म्हणाले, "प्लांटला होतो तेव्हा पाळीभर फोन. अण्णा, हवा किती? अण्णा, हवा कमी करू का? जेवू द्यायचे नाहीत. आता फोन येतो तो कर्ज घ्या म्हणून."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. आणि मग मी मूर्खपणा केला. मी मऊ आवाजात म्हणाले, "बसवा काटा, अण्णा. मी येईन साफ करायला."

माणूस इतका भडकलेला मी आयुष्यात पाहिलेला नाही.

"दया दखाडी राहिनी का मले? मन्हाकरता इंजिन जाळशी?" गिरणी थांबली. हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "धुळीतल्या गाडीला काटा? कोणता गाढव बसवेल? प्रेशरच पाहिजे त्या गाडीला! जाय!" मी तिसऱ्यांदा बाहेर, आणि गेटची कडी आतून लागली.

दोन आठवड्यांनी फोन आला, "गाडी घेऊन जा." त्यांनी प्रेशर सेन्सर बसवला होता आणि माझ्या शेजारी बसून, मांडीवर लॅपटॉप उघडून त्र्यंबकच्या रस्त्यावर आठवडाभर मला गाडी चालवायला लावून आकडा न् आकडा जुळवला. खोटं वाटेल, पण त्या आठवड्यात एकदाही ओरडले नाहीत. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. शेवटच्या दिवशी चावी देताना म्हणाले, "झालं. आता यायचं कारण नाही."

गाडी सुरेख चालते. एकही गचका नाही. शर्यतीत धूळ खाते, पाइप सुटतो, तरी घरी येते. अण्णांनी अगदी बरोबर काम केलं आणि त्या बरोबर कामाने मला त्यांच्या कॅलेंडरमधून काढून टाकलं. हे मला सहन होईना. परवाच्या रविवारी मी गाडी काढली आणि त्यांच्या दारात नेऊन बॉनेट उघडून उभी राहिले.

अण्णा धावत आले. "काय व्हयनं?"

"काही नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. सगळे पाइप दाबून पाहिले, लॅपटॉप लावला, इंजिन चालवून कान देऊन ऐकलं. मग बॉनेट हळूच खाली घेतलं. "काहीच झालेलं नाही. मग कसाले उनी?"

"भांडायला!" मी ओरडले. डोळे भरून आले होते आणि त्याचाही मला संताप आला होता.

अण्णांनी विचारलं, "कशावरून?"

"ते तुम्ही ठरवा."

ते आत गेले, एक खुर्ची घेऊन आले, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. मग गाडीभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. चाकापाशी थबकले आणि गेजसुद्धा न लावता गरजले, "टायरमधली हवा कमी शे!"

हवा अगदी बरोबर होती. सकाळीच पंपावर भरून घेतली होती. मी खुर्चीत ऐसपैस बसले, चप्पल काढली आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात म्हणाले, "अजिबात नाही!" गिरणीवाला दळण थांबवून बाहेर आला. आम्ही जेवणाची वेळ होईपर्यंत भांडलो.