खालथडीची हाळी

नेवती ही भाषा एका समितीने टेबलाभोवती बसून तयार केली, त्यामुळे तिचे प्रमाण रूप टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंतच ऐकू जाते. तिथून पुढे शब्द खाली पडतात. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कचेऱ्यांत टेबले भरपूर होती आणि झाडूवाले वेळेवर येत.

लोकांनी मात्र ही भाषा घरी नेली, शेतात नेली, आणि तिच्या बोली झाल्या. त्यांत खालथडीची सगळ्यांत दणकट. तिची हाळी नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर धडधाकट पोचायची. खालथडीचा रिवाजच तसा: संध्याकाळी पलीकडच्या आपल्या माणसाला "हायेस का?" विचारायचे, आणि "हाये" ऐकू आले की निश्चिंत मनाने जेवायला बसायचे.

शेवंताला नकलनविसाची नोकरी लागली तेव्हा नियमाप्रमाणे तिने आपली बोली भाषा-कचेरीत जमा केली. चिनीमातीची बरणी, वर फडके, त्यावर लाखेची मोहोर. नोकरीचा तिला अभिमान होता, खोटे कशाला बोला. पण त्या दिवसापासून पलीकडून थोरल्या बहिणीची, बकुळाची हाळी यायची, "शेवंते, हायेस का गं?" आणि शेवंताचे "आहे" तिच्या पायांपाशीच पडायचे. असे अकरा वर्षे चालले. पलीकडे जायची सोय नव्हती. पूल मंजूर झाल्यामुळे नाव बंद केली होती, आणि पूल मंजूरच होता.

यंदा भाद्रपदात बकुळाची हाळी बदलली. "शेवंते, म्या थकले गं. नसशील तर सर्वपित्रीला तुझं पान वाढीन."

शेवंताला त्या रात्री अन्न गेले नाही. सकाळी ती जमा विभागात उखळे कारकुनांसमोर उभी राहिली.

"बोली परत मिळत नाही," उखळे म्हणाले. "तळाशी काही उरले असेल तर तेवढे नमुना म्हणून देता येते. कारण?"

"माझी बहीण मला मेलेली समजणार आहे."

"आपण हयात असल्याचा दाखला कचेरी देऊ शकते."

"तो नदीपलीकडे ऐकू जाणार नाही."

उखळ्यांनी हे मान्य केले. त्यांनीही एकेकाळी डोंगरपट्टीची बोली जमा केली होती. मग त्यांनी विचारले, "थोरली का?"

"हो. मला अंगाखांद्यावर खेळवलं तिने."

ते आत जाऊन बरणी घेऊन आले. अकरा वर्षांत बोली आटली होती. उखळ्यांनी बरणी कानाशी धरून हलवली. "एकच शब्द आहे. जपून वापरा, आणि बरणी परत आणून द्या."

शेवंता उपाशीच घाटावर जाऊन बसली. दिवे लागायच्या सुमारास हाळी आली. तिने फडके सोडले आणि जीव एकवटून म्हणाली, "हाये!"

शब्द पाण्यावरून सरळ गेला. मग बकुळाचे हसणे ऐकू आले, आणि हसता हसताच रडणे. एवढ्या वर्षांत शेवंताला पलीकडचे आपले घर इतके जवळ कधी वाटले नव्हते.

मग पलीकडून बकुळाने विचारले, "जेवलीस का गं?"

शेवंताने बरणी उपडी करून पाहिली. "हो, ताई," ती प्रमाण भाषेत म्हणाली. दोन्ही शब्द पायरीवर पडले. ते खोटेही होते. तिने ते उचलून पदराला बांधले.

सर्वपित्रीला बकुळाने पान वाढले नाही, तसे तिने हाळी देऊन कळवले. आता ती "हायेस का" विचारत नाही, रोज फक्त "जेवलीस का गं?" एवढेच विचारते. शेवंता हल्ली कचेरीतून आली की आधी जेवते, मग घाटावर जाते आणि "हो, ताई" म्हणते. उत्तर पोचत नाही, पण ते खरे असावे, एवढे ती पाहते.