सात नंबरच्या घराचा फोटो

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खुल्या संग्रहालयात नऊ लाकडी घरं आहेत आणि त्यांतलं सात नंबरचं घर फोटो काढताना पाठ फिरवतं. घाईघाईने नाही. आधी ओंडके करकरतात, मग ओसरी हळूहळू सरकू लागते आणि पाच मिनिटांत समोर मागची भिंत येते. कॅमेरा पिशवीत गेला की घर पुन्हा जागच्या जागी. संग्रहालयात याचं कुणाला विशेष वाटत नसे. माणसांतही अशी असतातच.

ही घरं रान तोडून या भागात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांची. त्यांची गावं धरणात गेली तेव्हा ओंडक्यांवर आकडे घालून घरं इथे आणली आणि आकड्यांबरहुकूम उभी केली. यंदा वरून फर्मान आलं: ज्या घराचा दर्शनी फोटो नोंदवहीत नाही ते घर कागदोपत्री नाही, आणि जे कागदोपत्री नाही ते शनिवारनंतर जागेवरही नको. तेव्हा फोटो काढायला तालुक्याहून मनोरमाबाई खापेकरांना बोलावण्यात आलं.

मनोरमाबाईंनी तहसील कचेरीसमोरच्या आपल्या दुकानात तीस वर्षं ओळखपत्रांचे फोटो काढले होते. हनुवटी खाली, दोन्ही कान दिसू द्या, असं म्हणत भल्याभल्यांना सरळ बसवलं होतं. आठ घरं त्यांनी सोमवारी दुपारच्या आत उरकली. सात नंबरचं घर हे त्यांचं माहेर. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत त्या त्याच ओसरीवर वाढल्या होत्या. नातेवाइकांनी फोटो काढू नये असा नियम असल्याने अर्जात त्यांनी हे लिहिलं नव्हतं, आणि घर पाडू द्यायचं नाही हे मात्र पक्कं ठरवलं होतं.

मंगळवारी त्यांनी झाडाआडून प्रयत्न केला. बुधवारी आरसा लावून आरशातला फोटो घ्यायचं ठरवलं, पण घराला आरसाही कळला. गुरुवारी चार बाजूंना चार कॅमेरे मांडले. घर बिचारं गोल गोल फिरत राहिलं, छपरावरची दोन कौलं पडली, आणि मग बाईंनाच ते बघवेना. त्यांनी कॅमेरे आवरले आणि सरळ संग्रहालयाचा अभिरक्षक देऊळकर याची खोली गाठली.

मागच्या भिंतीचा फोटो चालेल का, असं त्यांनी विचारलं. देऊळकर वाईट मनुष्य नव्हता. त्याने नियमावली शेवटपर्यंत वाचली आणि मागून घराची ओळख पटत नाही, असं खेदाने सांगितलं. फोटोत शक्यतो व्यक्ती नसावी, असल्यास तिची नोंद घ्यावी, एवढंही त्याने जाता जाता वाचून दाखवलं.

शुक्रवारी सकाळी चौकीदार झिंगाजी बाईंसाठी चहा घेऊन आला. घर त्या वेळी पाठमोरंच उभं होतं.

"बाई, एक सांगू काय?" तो म्हणाला. "आपल्याकडे एकट्याचा फोटो कधी काढतेत? हार घालाचा असला म्हणजे. त्याले वाटते आपलं सरलं."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ओळखपत्रांपायी आपण चार दिवस ही साधी गोष्ट विसरलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी झिंगाजीला हाताला धरून आणलं, कॅमेऱ्याला दहा सेकंदांची वेळ लावली आणि दोघं घराशेजारी उभी राहिली. घर अर्धवट वळलं, थबकलं आणि पुन्हा पाठ फिरवू लागलं.

"घर धरून तिघं झालो ना आपण," झिंगाजी म्हणाला. "तिघायचा नाही काढत फोटो, अशुभ असते." आणि कुणी सांगण्याची वाट न पाहता तो पार कुंपणापाशी जाऊन बसला.

मनोरमाबाईंनी पदर सारखा केला. दाराच्या चौकटीला त्यांनी हात लावला. लहानपणी त्यांची उंची जिथे कोरली होती तो भाग आता त्यांच्या कमरेशी येत होता.

"मी मनू आहे," त्या घराला म्हणाल्या. "एकट्याचा नाही काढत तुझा. माझ्याबरोबर काढते."

करकरत ओसरी पुन्हा समोर आली, बाईंनी कॅमेऱ्याला परत वेळ लावली आणि या खेपेला घर वळलं नाही. फोटो उत्तम आला. हनुवटी खाली होती.

शनिवारी देऊळकरने तो भिंग लावून पाहिला. घर पूर्ण दर्शनी होतं, हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. फक्त एक रकाना भरायचा राहिला होता.

"ही व्यक्ती घराचा भाग आहे?" त्याने विचारलं. "नसेल तर फोटो बाद करावा लागेल. असेल तर नोंदलेली वस्तू कुंपणाबाहेर नेता येत नाही."

मनोरमाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सात नंबरच्या घरासमोर हातोडे आणि पहारी घेतलेले चार मजूर सावलीत बसले होते.

"आहे," त्या म्हणाल्या. "लिहा."

देऊळकरने लिहिलं, शिक्का मारला आणि मजुरांना परत पाठवलं. बाईंनी दुकानाची किल्ली झिंगाजीकडे दिली, पाटी उतरवून ठेवायला सांगितली आणि कमरेला पदर खोचून ओसरी झाडायला घेतली. दुपारपर्यंत नवा फलक लागला.

घर क्रमांक सात. लाकूड सागवान. खोल्या दोन, ओसरी एक, बाई एक. कृपया हात लावू नये.