दुपट्याचा चौथा कोपरा

रायपूरच्या चौबे कॉलोनीत मंदाकिनीबाई वडनेरे यांच्या व्हरांड्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीच वाजता तीन बायका गोधड्या शिवायला बसतात, ही बाब कोणत्याही दप्तरी नोंदलेली नव्हती. अकरा वर्षं ती सुरळीत चालण्यामागे दुसरं काही कारण सापडत नाही.

जुन्या सुती साड्या, विरलेली धोतरं, बाद झालेल्या चादरी यांचे थर एकावर एक अंथरायचे, कच्च्या टाक्यांनी बसवायचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. मंदाकिनीबाई शिवायच्या. ब्राह्मणपाऱ्यातून स्कूटीवर येणाऱ्या विजयाताई शिवता शिवता बोलायच्या, आणि त्यांचं बोलणं शिवण्यापेक्षा लांब पल्ल्याचं असे. समता कॉलोनीतली मंजिरी दोघींहून पंचवीस वर्षांनी लहान. ती सुईत दोरा ओवून द्यायची आणि प्रत्येक गोधडीचे फोटो काढायची. साडेचारला चहा व्हायचा. वर्षाकाठी चार-पाच गोधड्या होत, कुणाकुणाला दिल्या जात. हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं नाही.

विचारणारा माणूस एप्रिलमध्ये रिटायर झाला.

बाबाराव वडनेरे एका महामंडळाच्या आस्थापना शाखेत अडतीस वर्षं होते आणि त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज त्रुटी दाखवल्याशिवाय पुढे सरकला नव्हता. घरी बसल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी मसाल्याच्या डब्यांना क्रमांक दिले. दुसऱ्या आठवड्यात पाण्याच्या मोटारीशेजारी सूचनाफलक लावला. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांचं बीपी बघून एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं. छंद म्हणजे नेमकं काय, याचा अभ्यास करायला बाबाराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले.

"मंदा, हे तू काहून करत असते?"

"मले आवडते म्हणून."

"आवडते, हे कोणं ठरवलं?"

"मीच ठरवलं."

बाबारावांनी मान हलवली. "म्हणजे ज्याचा छंद, तोच तपासणारा. असं चालत नसते."

मंदाकिनीबाईंनी तिथल्या तिथे त्यांना आत हाकलायला हवं होतं. पण महिनाभर तोंड पाडून बसलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जरा चमक दिसली होती. करू देत बापडे, असं त्या मनात म्हणाल्या. पुढे जे झालं त्याचा विचार करताना त्या नेहमी या तीन शब्दांपाशी येऊन थांबत.

पुढच्या मंगळवारी व्हरांड्यात एक टेबल आलं. टेबलावर रजिस्टर, लाल-निळी पेन्सिल, शिक्क्याचं पॅड आणि फूटपट्टी. भिंतीवर 'व्हरांडा छंद समिती' अशी पाटी. समितीचे अध्यक्ष, सचिव आणि निरीक्षक बाबारावच होते, कारण तिन्ही पदं एकाच घरात असली की पत्रव्यवहार लवकर होतो. प्रत्येकीने येताना वेळ आणि जाताना आनंद नोंदवायचा होता. आनंदाच्या रकान्याला चार दर्जे होते: अल्प, बरा, समाधानकारक आणि उल्लेखनीय.

विजयाताईंनी त्या रकान्यात 'हव', म्हणजे रायपुरी 'हो', असं लिहिलं.

"ताई, इथं हव चालत नाही," बाबाराव म्हणाले. "दर्जा लिहा."

"भाऊजी, आम्ही भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात आहो. हव म्हणजे हव."

बाबारावांनी समासात लाल शाईने टीप दिली की 'हव' हे तूर्त 'समाधानकारक' समजण्यात यावे. त्या दिवशी तिघी खूप हसल्या, आणि चहाही दोनदा झाला.

मग देवश्री आली. वडनेऱ्यांची ही एकुलती लेक पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात भिलाईहून माहेरी आली, आणि मंदाकिनीबाईंनी दुपटं शिवायला घेतलं.

वडनेऱ्यांकडे काय किंवा मंदाकिनीबाईंच्या माहेरी यवतमाळकडे काय, जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. नवं कापड टोचतं. घरातल्या मोठ्यांच्या अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच त्याच्या अंगाला आधी लागायला हवं. मंदाकिनीबाईंनी सासूबाईंचं जांभळ्या काठाचं पातळ काढलं, आपल्या आईची एक साडी काढली आणि मधल्या थराला बाबारावांचं जुनं धोतर घेतलं. शिवणीला आणखी एक रीत होती. तीन कोपरे बंद करायचे, आणि चौथ्या कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे ठेवून जिने सुरुवात केली तिनेच तो मिटायचा. गोधडी उपाशी मिटायची नाही. मंदाकिनीबाईंच्या आईने मंदाकिनीसाठी असं दुपटं केलं होतं, मंदाकिनीबाईंनी देवश्रीसाठी. दवाखान्यात नर्स बाळ घेऊन बाहेर येईल तेव्हा आपण हे दुपटं पुढे करायचं, एवढं एकच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यापुढचं त्यांनी काही मागितलं नव्हतं.

समितीच्या नियम चारप्रमाणे पूर्वमंजुरीशिवाय कोणतीही वस्तू सुरू करता येत नव्हती. मंदाकिनीबाईंनी सकाळी पोळ्या लाटता लाटता मंजुरी मागितली. बाबारावांनी ती योग्य मार्गाने मागायला सांगितली. योग्य मार्ग स्वयंपाकघरातून निघून, बैठकीला वळसा घालून व्हरांड्यातल्या टेबलापाशी जात होता. अर्ज तिसऱ्या दिवशी शेऱ्यासह परत आला: 'कापड जुने असल्याचा पुरावा जोडलेला नाही.'

मंदाकिनीबाईंनी अल्बम काढला. त्यांच्याच लग्नातल्या फोटोत सासूबाई तेच पातळ नेसून उभ्या होत्या. बाबारावांनी भिंगातून फोटो बराच वेळ पाहिला.

"काठ जुळते," ते म्हणाले. "पण ह्या बाई कोण, ते कुठं लिहून नाही."

"अहो, तुमची आई आहे ते."

"मले माहीत आहे. फाईलले माहीत नाही."

बाबारावांनी आपल्या आईला आपणच ओळखत असल्याचं शपथपत्र आपल्याच पुढ्यात केलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं. पण सुरू झालं म्हणजे सुटलं असं नव्हे. एका वितीत बावीस टाके, असं प्रमाण ठरलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मंदाकिनीबाईंना कारणे दाखवा नोटीस आली: 'तिसऱ्या ओळीत सहा टाके वाकडे आढळले.' त्यांनी उत्तर दिलं की त्या वेळी विजया आपल्या नणंदेची गोष्ट सांगत होती, त्यामुळे हसू आलं. उत्तर असमाधानकारक ठरलं. हसू आलं असेल तर त्या दिवशीचा आनंद 'उल्लेखनीय' व्हायला हवा होता. रजिस्टरात मात्र 'समाधानकारक' अशी नोंद होती. एक तर टाके खोटे होते, नाही तर आनंद खोटा होता. शिवाय हसण्यात गेलेली सात मिनिटं छंदाच्या वेळेतून वजा झाली, आणि यापुढे गप्पा चहाच्या वेळेत माराव्यात असा आदेश निघाला.

त्या शुक्रवारी विजयाताईंनी आपला सुयांचा डबा बंद केला.

"भाऊजी, मी पोट्टी होतो तेव्हापासून शिवून राहिलो. तोंड बंद ठेवून शिवायले मी काही मशीन नाही."

"ताई, जाण्याची वेळ लिहून जा."

विजयाताईंनी वेळ लिहिली नाही. स्कूटीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. बाबारावांनी त्यांच्या नावापुढे 'विनापरवानगी' असा शेरा मारला, आणि नंतर का कोण जाणे, तो खोडरबराने पुसला.

मंजिरी मात्र टिकली. तिला हे सगळंच फार आवडलं होतं. आजकाल लोक अशाच गोष्टी शोधत असतात, असं तिचं म्हणणं होतं. तिने अर्धवट दुपट्याचे, रजिस्टराचे आणि मंदाकिनीबाईंच्या बोटांचे फोटो टाकले. "काकू, देखो तो, दो हजार लोगों ने पसंद किया," ती फोन पुढे धरून म्हणाली. खाली लोकांनी लिहिलं होतं: अनमोल. काळजाचा तुकडा. जपून ठेवा. मंदाकिनीबाईंनी वाचलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. त्यांनी ते दुसऱ्यांदाही वाचलं.

चाळिसाव्या दिवशी तीन कोपरे मिटले. मंदाकिनीबाईंनी चौथ्या कोपऱ्यात ठेवायला ओंजळीत तांदळाचे चार दाणे आणले, आणि बाबारावांनी हात वर केला.

"हे काय?"

"तांदूळ."

"कापडात अन्न?" ते चष्मा पुसू लागले. "मंदा, ही वस्तू आता कपड्यात धरायची का किराण्यात? उद्या कीड लागली तं जबाबदार कोण?"

"माझ्या दुपट्याले अठ्ठावन्न वर्षांत कीड नाही लागली."

"त्याची तपासणी कोणं केली?"

प्रकरण समितीच्या सल्ल्यासाठी समितीकडे गेलं. समितीला विचार करायला वेळ हवा होता. तोवर वस्तू अपूर्ण, आणि अपूर्ण वस्तू नियमाप्रमाणे समितीच्या ताब्यात. बाबारावांनी दुपटं घडी घालून स्टीलच्या कपाटात ठेवलं, कुलपावर कागद गुंडाळला आणि लाखेचं सील केलं. लाखेची कांडी त्यांना निरोपसमारंभात मिळाली होती. वापरायचा योग आता आला. सोडवून घ्यायचा फॉर्म त्यांनी स्वतःच बायकोच्या हातात दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: लाभार्थ्याची सही किंवा अंगठा.

"लाभार्थी अजून पोटात आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तं जन्मल्यावर अर्ज दे."

"जन्मल्याबरोबर लागते ते."

"म्हणूनच सांगून राहिलो, बाकीचा फॉर्म आजच भरून ठेव. फक्त अंगठा राहू दे."

लाभार्थी नियोजित तारखेच्या नऊ दिवस आधी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता जन्मली. मुलगी झाली. नर्स दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "माताजी, बच्चे का कपड़ा दीजिए."

मंदाकिनीबाईंच्या हातातल्या पिशवीत फॉर्म होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बाबारावांनी खिसे चाचपले. एका खिशात किल्ली होती, दुसऱ्यात शिक्क्याचं पॅड. कपाट घरी होतं. मंजिरी धावत आली होती, येताना तिने दुकानातून पिवळं, अस्वलांची चित्रं असलेलं झुळझुळीत ब्लँकेट आणलं होतं. त्याचं प्लास्टिक फाडून नर्सने बाळ त्यात गुंडाळलं. मंदाकिनीबाईंना रडू आलं. नात झाल्याचा आनंद, असं नर्सला वाटलं.

बाबारावांनी नात हातात घेतली. ब्लँकेटमधून तिचा हात बाहेर आला होता. मुठीतून सुटलेला अंगठा तुरीच्या डाळीएवढा होता. ते त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग बाळ बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "मी येतो," आणि ऑटो करून घरी गेले.

तासाभराने परत आले तेव्हा त्यांच्या काखेत दुपटं होतं. सील त्यांनी स्वतःच्या हाताने तोडलं होतं आणि रजिस्टरात त्याची नोंद केली नव्हती. सोबत कागदाच्या पुडीत तांदूळ होते, सुई होती, रीळ होतं. येताना ब्राह्मणपाऱ्यातून विजयाताईंनाही बसवून आणलं होतं. त्यांना काय सांगितलं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

"समिती बरखास्त," बाबाराव म्हणाले. "शिव."

"आणि कीड?"

"लागली तं लागली."

"हव," विजयाताई म्हणाल्या.

सुईत दोरा बाबारावांनीच ओवला, पाचव्या खेपेला. दवाखान्याच्या स्टुलावर बसून मंदाकिनीबाईंनी चार दाणे कोपऱ्यात ठेवले आणि तो मिटला. डोळे भरलेले असल्यामुळे टाके वाकडे पडले. कुणीही मोजले नाहीत.

मग त्यांनी दुपटं देवश्रीच्या पलंगावर उलगडलं, आणि खोलीतली सगळी पलंगाजवळ सरकली. जांभळा काठ कडेने फिरला होता. आतल्या बाजूने आईच्या साडीची बारीक फुलं, आणि सगळ्यावरून लाटांसारखे टाके. इतकं देखणं काम मंदाकिनीबाईंच्या हातून आजवर झालं नव्हतं, हे त्यांनाही आत्ताच दिसलं.

"आई," देवश्री हळूच म्हणाली, "ये तो बहुत सुंदर है. इसपे मत सुलाओ ना. ये दिन भर शू करेगी, खराब हो जाएगा."

"बात तो सही है," मंजिरी फोटो काढता काढता म्हणाली.

विजयाताईंनी पदर दुपट्यावरून फिरवला. "जांभळा रंग आहे बाई. इथल्या साबणानं जाईल."

बाबाराव बायकोकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक नियम मोडला होता आणि त्याचं पुढे काय होतं ते त्यांना बघायचं होतं. "मंदा," ते म्हणाले, "तू सांग."

मंदाकिनीबाईंचा हात दुपट्यावर होता. चाळीस दिवस, एक नोटीस, एक शपथपत्र. बाळ पिवळ्या अस्वलांत कुरकुरत होतं. त्यांना फक्त दुपटं पुढे करायचं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "खराब होईल."

आणि त्यांनीच त्याची घडी घातली.

आता ते दुपटं स्टीलच्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे. साडीच्या दुकानातली चेनवाली पिशवी, आत डांबराच्या दोन गोळ्या. कुलूप नाही, सील नाही, अर्जही लागत नाही. उपाशी मात्र ते नाही. नात सहा महिन्यांची झाली. ती अजून अस्वलांच्या ब्लँकेटमध्येच झोपते. ब्लँकेटवर गोळे आलेत, एका अस्वलाचं नाक गेलंय, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाबाराव कधीकधी कपाट उघडतात, वर बघतात आणि पुन्हा बंद करतात.

बाबारावांना हसून झालं असेल, तर जरा उठा आणि आपल्या कपाटाचा वरचा कप्पा उघडा. कुणीतरी मन लावून तुमच्यासाठी हाताने केलेलं काहीतरी तिथे पिशवीत घालून ठेवलेलं असेल. ते तिथे कुणी ठेवलं, आणि कोणाच्या मंजुरीसाठी ते थांबलंय, हे पाहून या.